रंगाची घाई : आज्जीच्या आढीपासून इथेफॉनच्या बाटलीपर्यंत



काळ्या द्राक्षाच्या बागेत मण्यात पाणी उतरायला लागलं की माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला. "रंग येईना झालाय, काय मारू?" मी उलटं विचारतो, "साखर किती आली?" मग पलीकडं शांतता. रिफ्रॅक्टोमीटर घरी असतो, पण कपाटात.

आज फवारणीचं वेळापत्रक लिहीत नाही. फळाला रंग आणणं, फळ पिकवणं यामागं माणूस कधीपासून लागला, त्याला काय कळलं आणि तो कुठं चुकला, ते लिहितो. म्हणाल तर हा इतिहास आहे, पण तो माहीत नव्हता म्हणून माझ्या दोन एकराचा एक हंगाम हातचा गेलाय. त्याची गोष्ट पुढं येईलच.

आज्जीची आढी

आमचं शेत अक्कलकोट तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. लहानपणी बांधावर गावरान आंब्याची दोन झाडं होती. एखाददुसरा पाड खाली पडला की आज्जी म्हणायची, "आता उतरवा." आंबे उतरवून ती आतल्या अंधाऱ्या खोलीत आढी घालायची. खाली गवताचा थर, त्यावर आंबे, पुन्हा गवत, वरून पोती. मधोमध झाडावर पिकलेला एखादा पाड आठवणीनं ठेवायची. आम्ही पोरं त्याच्यावर डोळा ठेवून असायचो, पण आढीत हात घालायची परवानगी नव्हती. सारखी उघडली की आढी "निवते" म्हणायची.

तिच्या मते आंबा पिकायचा तो उबेनं. ते अर्धं खरं होतं. दुसरं अर्धं तिला हातानं माहीत होतं, नावानं माहीत नव्हतं. मधला तो पाड म्हणजे तिचं औषध होतं. पिकलेलं फळ एक वायू सोडतं आणि तो वायू शेजारच्या कच्च्या फळाला पिकायला लावतो. पोती झाकली की तो कोंडून राहतो, आढी उघडली की निघून जातो. "एक नासका आंबा सगळी आढी नासवतो" ही म्हणही त्यातलीच. नासलेलं, जखम झालेलं फळ हा वायू जास्तच सोडतं.

बाजारात केळीवाल्यांची भट्टी असायची. बंद खोलीत कच्चे घड रचायचे, कोपऱ्यात धुमसतं जाळण ठेवून धूर कोंडायचा. तिथंही सगळे म्हणायचे, उबेनं पिकतं.

ऊब की धूर

हा गैरसमज आपलाच नव्हता, जगभर होता. जुन्या इजिप्तमध्ये आपल्या उंबराच्या जातकुळीतलं एक अंजीर असायचं. त्याच्या कच्च्या फळाला माळी चाकूनं चीर द्यायचे आणि थोड्याच दिवसांत फळ फुगून गोड व्हायचं. चीर दिल्यावर फळ का पिकतं ते त्यांना माहीत नव्हतं. जुन्या चीनमध्ये बंद खोलीत उदबत्त्यांसारखा धूप जाळून नाशपाती पिकवल्याचं सांगतात. रीत सगळीकडं होती, कारण कुणालाच माहीत नव्हतं.

कारण सापडायला सुरुवात झाली ती रस्त्यावरच्या दिव्यांमुळं. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शहरांत दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर दिवे चालायचे. जमिनीखालचा नळ कुठं गळला की वरच्या झाडांची पानं अवेळी झडायची. पुढं रशियात सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव्ह नावाचा तरुण प्रयोगशाळेत अंधारात वाटाण्याची रोपं वाढवत होता. ती सरळ वर न जाता आखूड, जाड होऊन आडवी वाढायची. बाहेरच्या हवेत ठेवली की नीट वाढायची. त्यानं शोध घेतला आणि १९०१ साली दाखवून दिलं की दिव्याच्या गॅसमधला 'इथिलीन' हा वायू हे करतो. प्रमाण किती, तर अगदी नगण्य.

१९१० साली वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावर कझिन्स नावाच्या अधिकाऱ्यानं बजावलं की जहाजात संत्री आणि केळी एकत्र भरू नका, संत्र्यांजवळच्या हवेनं केळी वाटेतच पिकतात. म्हणजे आज्जीच्या आढीतला पाड आता जहाजावर चढला होता.

यातली कॅलिफोर्नियातल्या लिंबांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथं लिंबं पूर्ण वाढली तरी हिरवी राहायची आणि गिऱ्हाइकाला पिवळी लागायची. मग बागायतदार ती बंद खोलीत ठेवून रॉकेलच्या स्टोव्हची ऊब द्यायचे. काही दिवसांत लिंबं पिवळी. सगळ्यांचा समज, उबेनं होतं. पुढं काहींनी आगीचा धोका टाळायला स्टोव्ह काढून बिनधुराची, स्वच्छ उष्णता दिली. खोली तेवढीच गरम, पण लिंबं हिरवीच! ऊब होती, धूर नव्हता. अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रँक डेनी यांनी याचा पाठपुरावा केला आणि १९२४ च्या सुमारास सिद्ध केलं की स्टोव्हच्या धुरातलं इथिलीन लिंबाचा हिरवा रंग घालवतं.

मग १९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवलं की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन तयार करतं. वायू बाहेरून दिला तरी चालतो, पण मुळात तो फळाचाच आहे. झाडाची ती स्वतःची निरोप द्यायची रीत आहे. आज आपण ज्याला संजीवक म्हणतो, ते हेच.

पिवळं झालं म्हणजे पिकलं का?

डेनींच्या लिंबांत एक गोष्ट लपलेली आहे आणि तिथंच आपण सगळे फसतो. त्या लिंबांचा रंग बदलला, पण चव बदलली का? नाही. सालीतलं हरितद्रव्य गेलं, खालचा पिवळा रंग उघडा पडला, एवढंच. आतला रस तोडताना होता तसाच राहिला.

१९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये किड आणि वेस्ट ही जोडी साठवणीतल्या सफरचंदाचा श्वास मोजत होती. त्यांना दिसलं की पिकायच्या वेळी श्वासाचा वेग एकदम चढतो. त्यावरून पुढं फळांचे दोन गट पडले. पहिला गट तोडल्यावरही पिकणारा : आंबा, केळी, सीताफळ, चिकू, पपई, पेरू. यांच्यात पिष्ट साठलेलं असतं किंवा आत बदल घडवायची तयारी झालेली असते. इथिलीन मिळालं की कच्चं फळ गोड आणि मऊ होतं. अर्थात फळ पक्व असेल तरच. कोवळा आंबा आढीत घातला तर सुरकुततो, गोड होत नाही, हे कुठल्याही आज्जीला विचारा.

दुसरा गट तोडल्यावर न पिकणारा : द्राक्ष, डाळिंब, लिंबू, संत्री. यांच्यात जी साखर येते ती झाडावर असताना, पानांतून येते. घड वेलीपासून तुटला की गोडीचं खातं बंद. वरून काहीही लावा, त्यात एक ग्रॅमची भर पडत नाही.

पहिल्या गटात रंग आणि गोडी बहुतेक हातात हात घालून येतात. दुसऱ्या गटात ती दोन वेगळी खाती आहेत. रंग सालीत येतो, साखर पानांतून येते. एकाला घाई केली म्हणून दुसरं त्याच्यामागं पळत येत नाही. हे वाक्य मी आज सहज लिहिलं. शिकायला मला एक हंगाम मोजावा लागला.

वेल्डिंगवाल्याचा कार्बाइड

बंदी, कायदा ही भानगड कुठून आली तेही सांगायला पाहिजे. इथिलीनचा वायू पकडून ठेवणं, वाहून नेणं अवघड. पण कॅल्शियम कार्बाइड हा दगडासारखा माल वेल्डिंगवाल्याकडं सहज मिळायचा. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो. हा इथिलीनचा भाऊबंद. इथिलीनइतका जोरकस नाही, पण काम करतो. व्यापाऱ्यांनी कागदाच्या पुड्या करून आंब्याच्या पेट्यांत ठेवायला सुरुवात केली. साल पिवळीधमक, आतून आंबट. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असतात. आपल्या देशात अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत याला बंदी होती, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही कार्बाइडनं पिकवलेली फळं विकायला मनाई कायम राहिली.

पर्याय म्हणून आले रायपनिंग चेंबर. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं इथिलीन वायू हवेत १०० पीपीएमपर्यंत वापरायला स्पष्ट मान्यता दिली. आता आपल्याच जिल्ह्यात करमाळ्याकडं, कंदर भागातली केळी हिरवी तोडून परदेशात जाते आणि तिकडच्या चेंबरमध्ये पिकते. चेंबरमध्ये काय असतं? बंद खोली, ठरावीक तापमान, ओलावा आणि इथिलीन. थोडक्यात मीटर लावलेली आढी. एक लक्षात ठेवा, मान्यता वायूला आहे. तोडलेली फळं इथेफॉनच्या पाण्यात बुडवून काढणं त्यात बसत नाही.

बाटलीतला वायू

इथेफॉन म्हणजे काय? बागेत, उघड्या रानात वायू देता येत नाही, वाऱ्यावर जातो. तर असं द्रव पाहिजे होतं की जे फवारलं की झाडाच्या आत शिरून तिथं इथिलीन सोडेल. असा पदार्थ सोव्हिएत रशियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४६ साली बनवून ठेवला होता, पण त्याचा झाडाशी काही संबंध आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ते लक्षात आलं. दुकानात आपण त्याला सरसकट 'इथ्रेल' म्हणतो.

याची खुबी आम्लतेत आहे. आम्लधर्मी पाण्यात इथेफॉन गप बसून असतं. सामू चारच्या वर गेला की फुटायला लागतं आणि इथिलीन बाहेर पडतं. पेशींमधला सामू त्याहून जास्त असतो, म्हणून ते झाडाच्या आत फुटतं. आता आपल्याकडची अडचण बघा. माझ्या बोअरच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास, पाणी जड. अशा पाण्यात औषध मिसळून टाकी दुपारपर्यंत तशीच ठेवली, तर वायू टाकीतच सुटून जातो आणि शेवटच्या ओळींवर नुसतं पाणी पडतं. मग लोक म्हणतात, "औषधात दम नाही." उष्णता वाढली की फुटणंही वाढतं, त्यामुळं भर उन्हात फवारलं तर परिणाम एकदम आणि जादा, सकाळी फवारलं तर सावकाश. एकाच बागेत निम्म्या ओळींना रंग आणि निम्म्या हिरव्या, याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

डाळिंबवाल्यांना ही बाटली वेगळ्याच कामासाठी माहीत आहे. बहार धरताना पाणी तोडून झाड ताणावर सोडायचं आणि मग इथेफॉन फवारून पानगळ करायची. गॅसच्या दिव्याखाली युरोपातली झाडं जशी पानं टाकायची, तेच आपण सोलापूरच्या माळावर मुद्दाम घडवतो. सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, बहार आणि पानगळीचा सल्ला तिथून घेता येतो. मुद्दा एवढाच की एकच वायू डाळिंबाची पानं पाडतो, केळी पिकवतो, लिंबाचा हिरवा रंग घालवतो आणि काळ्या द्राक्षाला रंग चढवतो. त्याला काय करायचं ते माहीत नसतं. झाड कुठल्या अवस्थेत आहे त्यावर सगळं ठरतं.

सोलापूरची काळी द्राक्षं

आता आपल्या घराकडं येऊ. द्राक्षात सोलापूरचं नाव झालं त्यात उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांचा मोठा वाटा आहे. थॉमसन सीडलेसमधून निवडलेली लांब मण्याची 'सोनाका' त्यांची, आणि 'किशमिश चोर्नी' या रशियाकडून आलेल्या काळ्या वाणातून निवडलेली 'शरद सीडलेस'ही त्यांचीच. कुठलं विद्यापीठ पाठीशी नसताना, बागेत फिरताना एक वेगळी काडी डोळ्यात भरली आणि ती जपली, त्यातून हे वाण आले.

थॉमसन, सोनाका हे हिरवे वाण. तिथं जिबरेलिक ॲसिड, म्हणजे आपलं जीए, मण्याच्या लांबीसाठी लागतं. त्याचाही इतिहास आहे. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडायची. त्यामागं एक बुरशी आणि तिनं सोडलेला पदार्थ आहे, हे १९२६ साली तैवानमध्ये कुरोसावा या जपानी माणसानं शोधलं. एकेकाळचा भाताचा रोग आज आपल्या घडाचं डिपिंग झालाय.

काळ्या वाणाची गरज वेगळी. तिथं रंग पाहिजे, तोही घडभर सारखा. द्राक्षाच्या सालीतला काळा-जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन. तो बनायला साखर लागते, घडापर्यंत उजेड लागतो आणि रात्र थोडी थंड लागते. आपल्याकडं फेब्रुवारी सरता सरता रात्री तापायला लागतात. मग काही मणी काळे, काही लाल, काही हिरवे असा घड तयार होतो. नाशिककडं उलटं दुखणं. थंडीत रात्र आणि दिवसाच्या तापमानात फरक पडला की थॉमसनच्या हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते, ती 'पिंक बेरी' म्हणून नाकारली जाते. नको तिथं रंग येतो, हवा तिथं येत नाही.

माझा गेलेला हंगाम

२००८ च्या ऑक्टोबरची छाटणी. दोन एकर शरद सीडलेस. त्या वर्षी घड भरपूर सुटले. विरळणीच्या वेळी घरच्यांनी सांगितलं, "काढून टाका थोडे." माझा हात धजेना. प्रत्येक घडात मला पैसे दिसत होते. वेलीला झेपतील त्याच्या दीडपट घड मी ठेवले.

फेब्रुवारीत मण्यात पाणी उतरलं, पण रंग काही सरकेना. शेजारच्या गावात माल निघायला लागला होता, दर चांगला होता, पुढं पडणार असं सगळे म्हणत होते. मी ऐकीव माहितीवर इथेफॉन आणलं. प्रमाण अंदाजानं थोडं जास्तच धरलं, म्हणलं लवकर रंग येईल. साखर तेव्हा ११ ब्रिक्स होती. हे मला नंतर आठवलं, कारण एका वहीत लिहून ठेवलं होतं. फवारताना वही उघडली नाही.

आठ-दहा दिवसांत बाग काळी झाली. मी खूश. व्यापारी आला, लांबून बघून मान डोलावली. जवळ येऊन दोन मणी तोंडात टाकले आणि थुंकले. म्हणाला, "भाऊ, रंग दाखवायचाय का द्राक्ष विकायची?" रिफ्रॅक्टोमीटरवर साडेतेरा. या वाणाला १८ च्या पुढं गेल्याशिवाय चव लागत नाही.

"मग थांबू या," मी म्हणालो. पण इथेफॉन फक्त रंगावर थांबत नाही. मणी मऊ पडायला लागले. औषध पानांवरही पडलं होतं. खालची पानं पिवळी होऊन गळाली. म्हणजे साखर तयार करणारे कारखानेच मी बंद केले होते. वेलीवर घड जास्त, पानं कमी, साखर येणार कुठून? शेवटी तोडणी केली तेव्हा क्रेट उचलला की तळात सुटे मणी खुळखुळायचे. दर निम्म्यापेक्षा खाली मिळाला. बँकेचा हप्ता त्या वर्षी दागिने ठेवून भरला. ते बायकोनं न बोलता काढून दिले, म्हणून ते जास्त लागलं.

बांधाला बांध लावून तात्यांची बाग. वाण तोच, पाणी तेच, छाटणी चार दिवसांच्या फरकानं. तात्यांनी घड मोजून ठेवले होते. घडाजवळची एक-दोन पानं काढून उजेड आत सोडला होता. पोटॅश वेळेवर, नत्र आखडतं. रंग माझ्यानंतर आठवड्यानं आला, पण सारखा आणि गोडीसकट. त्यांनी रंगासाठी काहीच मारलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, वेल बोलत होती तुझ्याशी. रंग येईना म्हणजे ओझं जास्त झालंय म्हणत होती. तू तिचं तोंड रंगवलंस."

२०१० चा दणका

माझा तोटा माझ्यापुरता होता. पुढच्याच वर्षी सगळ्या महाराष्ट्राला धडा मिळाला. तो पदार्थ रंगाचा नव्हता, पण संजीवकाच्याच घरातला होता : क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपण ज्याला सीसीसी म्हणतो. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड तयार व्हावेत म्हणून तो वर्षानुवर्षं वापरात होता. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचा अंश सापडला. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल नाकारला गेला, कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार दोघंही अडचणीत आले.

खरी मेख अशी की आपल्याकडं निर्यातीआधी ज्या औषधांची तपासणी व्हायची, त्या यादीत सीसीसी नव्हतंच. त्यामुळं इथल्या तपासणीत माल पास आणि तिथल्या तपासणीत नापास. त्यानंतर ते यादीत आलं. दुसरी गोष्ट, हा पदार्थ झाडात टिकून राहतो. युरोपातच नाशपातीच्या बागांत वापर थांबवल्यानंतरच्या हंगामांतही फळांत अंश सापडले होते. म्हणजे फवारणी बंद केली म्हणून हिशेब लगेच मिटत नाही.

कीडनाशकाच्या बाबतीत आपण 'विष' म्हणून सावध असतो. संजीवक म्हणलं की टॉनिकसारखं वाटतं. नावातच 'संजीव' आहे ना! पण परदेशातली प्रयोगशाळा दोन्ही एकाच तराजूत तोलते.

नवीन बाटली : एबीए

गेल्या काही वर्षांत रंगासाठी एबीए, म्हणजे ॲब्सिसिक ॲसिडचं नाव ऐकायला येतं. हेही मूळचं झाडातलंच. १९६० च्या दशकात अमेरिकेत कापसाची बोंडं का गळतात याचा शोध घेताना एक गट आणि ब्रिटनमध्ये झाडं हिवाळ्यात का झोपतात हे शोधताना दुसरा गट, दोघं एकाच पदार्थापाशी पोचले. पाण्याचा ताण पडला की पानातली छिद्रं बंद करणाराही हाच. द्राक्षात पाणी उतरायच्या वेळी सालीत एबीए वाढतं आणि रंगाचं काम सुरू होतं. म्हणजे द्राक्षाच्या रंगाचा खरा मुकादम इथिलीनपेक्षा एबीए आहे.

फार वर्षं ते इतकं महाग होतं की शेतात आणायचा विचारच नको. मग बुरशीकडून आंबवून ते करायची रीत निघाली. बुरशी कुठली, तर बोट्रायटिस, जी ओल्या हवेत आपलेच घड सडवते! कॅलिफोर्नियात फ्लेम, क्रिमसन अशा लाल वाणांवर एबीएचे भरपूर प्रयोग झाले. इथेफॉनपेक्षा मणी मऊ पडायचा त्रास कमी, रंग चांगला, असा तिकडचा अनुभव आहे. पण साखर आणून देणं हे त्याचंही काम नाही.

एवढ्या गोष्टीतून मी काय घेतलं

मी औषधाच्या विरोधात नाही. आपल्या तापलेल्या रात्रीत, घड मोजके असताना, अवस्था बरोबर साधून दिलेला हलका हात रंग सारखा करतो, हे मी नंतर माझ्याच बागेत बघितलंय. आता मी बाटलीचं झाकण उघडायच्या आधी वही उघडतो आणि एवढं बघतो :

वेलीवर घड किती आणि त्यांना पोसणारी निरोगी पानं किती.

मण्यात पाणी उतरायला नुकती सुरुवात झालीय का. त्याआधी मारलं तर फुकट किंवा नुकसान, फार उशिरा मारलं तर मणी मऊ.

साखर दर चार दिवसांनी चढतेय का. साखर थांबली असेल तर दुखणं ओझ्याचं, पाण्याचं किंवा मुळ्यांचं आहे, रंगाचं नाही.

टाकीतल्या पाण्याचा सामू किती. द्रावण केलं की लगेच संपवायचं.

लेबलवर आपलं पीक लिहिलंय का, तोडणीला किती दिवस राहिलेत, माल कुठल्या देशात जाणार आणि तिथली मर्यादा काय. हे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ताज्या सल्ल्यावरून ताडून घ्यायचं. मागच्या वर्षीचा कागद चालत नाही.

आणि शेवटी, दोन मणी तोंडात टाकायचे.

पुढच्या वर्षी मी घड मोजले. निम्म्याहून थोडे जास्त ठेवले. विरळणीला मीच कात्री घेऊन पुढं होतो. माल कमी निघाला, पण गेल्या वेळच्या त्याच व्यापाऱ्यानं मणी तोंडात टाकला आणि या खेपेला गिळला. दागिने त्याच हंगामात सुटून घरी आले.

बांधावरच्या त्या दोन आंब्यांपैकी एक झाड अजून उभं आहे. आज्जी नाही. आढी आता आई घालते, आणि मधोमध एक पाड ठेवायला अजून विसरत नाही. इथिलीनची ही सगळी गोष्ट मी तिला सांगितली. ती म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण कच्चा तोडला असेल तर तुझा वायू काय करणार?"

उत्तर तिला माहीत होतं. रंग मागायच्या आधी तुम्हीही हेच विचारा. आणि कुणाच्या बागेत रंग-साखरेची वही असेल तर आकडे जरूर कळवा. आपल्याकडच्या रात्रीच्या तापमानाचे आणि रंगाचे आकडे आपणच लिहून ठेवले पाहिजेत.

राम राम.